दरवर्षी अक्षय तृतीयेला कुटार संपतं, त्यावर काय करायचं?

पाऊस बरा झाला, सोयाबीन निघालं, तूर निघाली, हरभराही निघाला. तरी अक्षय तृतीयेच्या मागंपुढं कुटाराच्या, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुशाच्या, गंजीचा तळ दिसायला लागतो आणि गावात विचारपूस सुरू होते, "भाऊ, दोन बंड्या कुटार भेटन का?" दुष्काळी सालात असं झालं तर समजू शकतं. पण विदर्भात बुलडाण्यापासून गोंदियापर्यंत चांगल्या सालातही हेच होतं. दिवाळीत वावरात पेटवून दिलेलं कुटार वैशाखात पैसे मोजून आणावं लागतं. तेव्हा ते जवळपास मिळतही नाही, आणि दुरून आणलं तर मालापेक्षा भाडं जड होतं.

चारा संपल्याचं आपल्याला एप्रिलमध्ये कळतं, पण तो हातातून जातो ऑक्टोबर ते फेब्रुवारीत. दुरुस्तीही तेव्हाच करायची असते. आज मे महिना असेल आणि गोठ्यात काहीच उरलं नसेल, तर सरळ शेवटच्या भागावर जा. बाकीचं दसऱ्याच्या आधी पुन्हा वाचा.

आधी ओळखा, टंचाई नेमकी कशाची आहे

"चारा पुरत नाही" या एका तक्रारीत तीन वेगळ्या अडचणी असतात आणि तिन्हींवर इलाज वेगळा आहे. ढोरांचं पोटच भरत नसेल, तर ती पहिली. संध्याकाळी जनावराच्या डाव्या बाजूला उभे राहा. शेवटच्या बरगडीमागची भकाळी खोल गेलेली दिसली आणि गव्हाण चाटूनपुसून साफ असली, तर चारा खरोखरच कमी पडतो आहे.

दुसरी अडचण अशी की पोट भरतं, पण अंगी लागत नाही. भकाळी भरलेली असते, पण शेण घट्ट, त्यात लांब काड्या तशाच दिसतात, दूध आटतं, गाय माजावर येत नाही, बैल वखराला लवकर दमतात. अशा वेळी कुटार वाढवून काही होत नाही. हिरवा चारा, प्रथिनं आणि क्षार कमी पडलेले असतात. जनावर हाडं, चिंध्या, माती चघळत असेल तर फॉस्फरसची कमतरता हे त्याचं एक नेहमीचं कारण असतं. रोज ३० ते ५० ग्रॅम खनिज मिश्रण सुरू करा आणि डॉक्टरांना दाखवा.

तिसरी अडचण सगळ्यांत जास्त घरांत असते आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. चारा असतो, पण पायाखाली जातो. सकाळी झाडून काढलेला केर एकदा टोपल्यात भरून वजन करून पाहा. अख्ख्या पेंढ्या जमिनीवर टाकल्या तर कडब्याचा चौथा हिस्सा सहज वाया जातो, कारण जनावर पानं खातं, धांडा सोडतं आणि उरलेल्यावर मुततं. अशा घरात चारा विकत आणण्याआधी कुट्टी यंत्र आणि जनावराच्या छातीएवढ्या उंचीची गव्हाण हवी.

हिशेब दिवाळीत मांडा

आपण पेरणीचा हिशेब करतो, बियाण्याचा करतो, घरच्या गव्हाचाही करतो. ढोरांच्या चाऱ्याचा मात्र "यंदा गंजी मोठी दिसते" इथंच संपतो. गंजी डोळ्यांना फसवते, विशेषतः कुटाराची, कारण ते फुगीर असतं आणि चार महिन्यांत दबतं.

मोठ्या जनावराला वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडं खाद्य रोज लागतं. ४०० किलोच्या गायीला १० ते १२ किलो. त्यात ढेप-चुनी धरली, थोडा हिरवा चारा धरला, तरी ६-७ किलो कुटार किंवा कडबा रोजचा आलाच.

आता दोन बैल, एक गाय, एक म्हैस आणि एक वगार (म्हशीची पारडी) असलेलं घर घ्या. मोकळी चराई फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कशीबशी चालते. तिथून १५ जुलैपर्यंत १५० दिवस होतात. चार मोठ्या जनावरांचे रोज ७ किलोप्रमाणे ४२ क्विंटल, वगारीचे रोज ३ किलोप्रमाणे साडेचार क्विंटल, आणि नासाडीचे सहा-सात क्विंटल. म्हणजे साधारण ५२-५३ क्विंटल कोरडा चारा हाताशी हवा. हिरवा अजिबात नसेल तर ७० क्विंटलांच्या पुढं जातं.

समोरची बाजूही मांडा. सोयाबीनचं कुटार साधारण दाण्याच्या वजनाइतकं निघतं, कधी थोडं जास्त. एकरी ८ क्विंटल सोयाबीन झालं तर ८ ते १० क्विंटल कुटार, तेही सगळं गोळा केलं तर. तुरीचं कुटार त्याहून कमी, कारण तुराट्या चुलीकडे जातात. पाच एकर सोयाबीनवाल्याच्या घरी सगळं जमा करूनही गंजी काठावर येते. यात वाटणीदाराचा हिस्सा, पावसात भिजलेला ढीग, कोणी मागितलेली एक बंडी असं सगळं वजा करा. वैशाखात गंजी का संपते ते कागदावरच दिसेल.

म्हाताऱ्या बैलाचा चाराही या हिशेबात धरा. राज्यात २०१५ पासून गोवंश हत्याबंदी लागू आहे, थकलेल्या बैलाला बाजारात गिऱ्हाईक नाही, आणि आयुष्यभर राबलेलं जनावर कोणी वाऱ्यावर सोडू नये असंच मला वाटतं. पण त्याला रोज चार-पाच किलो चारा लागणार हे दिवाळीतच लिहून ठेवलं, तर तो दुभत्या म्हशीच्या तोंडचा काढावा लागत नाही.

सोयाबीनचं कुटार: ढीग असतो, पण ढोरं खात नाहीत

ही तक्रार सगळ्यांत जास्त ऐकू येते. म्हैस सोयाबीनचं कुटार कशी खाते ते एकदा जवळ उभं राहून पाहा. नाक खुपसून जोरात फुंकर मारते, वरची धूळ उडवते, मग जिभेनं शेंगांची टरफलं निवडून उचलते. टरफलं संपली की तोंड वर करून आपल्याकडे बघत उभी राहते. गव्हाणीत उरतात त्या बोटभर लांबीच्या कडक काड्या. सोयाबीन कापणीला येईपर्यंत पानं गळून गेलेली असतात, म्हणून या कुटारात खोड आणि टरफल एवढंच असतं. खोडात काष्ठ फार. नुसतं तेच पोटभर घातलं तर पोट गच्च होतं, शेण अडतं.

म्हणून सोयाबीनचं कुटार एकटं घालू नका. तुरीचं किंवा हरभऱ्याचं कुटार, गव्हांडा (गव्हाचा भुसा), कडब्याची कुट्टी, जे असेल ते निम्म्यानं मिसळा. तुरीच्या कुटारात पानं आणि टरफलं असतात, ते जनावर आवडीनं खातं. म्हणून ते आधी संपवून टाकू नका, मिसळायला राखून ठेवा. हरभऱ्याचं कुटार खारट-आंबट असतं, त्यानं तोंडाला चव येते. मिश्रणावर रात्री मीठ-गुळाचं पाणी शिंपडून सकाळी घाला. पाणी एवढंच की धूळ बसेल, चिखल होणार नाही. सकाळी घालून उरलेलं पुढच्या दिवसापर्यंत ओलं ठेवू नका, उन्हाळ्यात लगेच आंबतं.

थ्रेशरमधून आलेल्या कुटारात माती, खडे, तारेचे तुकडे आणि सुतळी असते. ही तार पोटात गेली तर जाळीपोटातून हृदयापर्यंत टोचत जाते. जनावर उतारावर कण्हतं, पुढचे पाय फाकवून उभं राहतं आणि औषधाला दाद देत नाही. गव्हाणीत टाकण्याआधी कुटार मोठ्या चाळणीतून हलवून घ्या आणि खाली लोहचुंबक फिरवा. जुन्या भंगार स्पीकरचं चुंबक यासाठी चांगलं चालतं.

आता मुख्य मुद्दा, गोळा करण्याचा. मळणी चालू असते, मजूर महाग असतात, वर ढग असतात, हरभऱ्यासाठी रान मोकळं करायची घाई असते. या घाईत कुटार जिथं पडलं तिथंच राहतं, परतीच्या पावसात भिजतं, काळं पडतं आणि मग पेटवलं जातं. थ्रेशर लावण्याआधीच त्याच्या तोंडाची दिशा ठरवा. वारा पाहून जुन्या ताडपत्र्या अंथरून ठेवा, म्हणजे कुटार मातीवर न पडता ताडपत्रीवर पडेल आणि पाऊस आला तर तीच उलटी टाकता येईल. मळणी आणि कुटाराची वाहतूक एकाच दिवशी ठरवा. "नंतर नेऊ" म्हणालात की पांदणीत चिखल होतो आणि ट्रॅक्टर आत जात नाही.

हार्वेस्टरनं कापणी केली तर कुटार वावरभर पसरतं. वेळ वाचतो हे खरं, पण ज्याच्याकडे ढोरं आहेत त्यानं निदान दोन एकर तरी हातानं कापून थ्रेशरवर काढावेत, असं मी आग्रहानं सांगेन.

गंजी: बुरशी आणि आग

ओलं कुटार गंजीत गेलं तर आतून तापतं. रचल्यावर पहिला आठवडाभर रोज कोपरापर्यंत हात आत घालून पाहा. हाताला चटका बसण्याइतकी उष्णता किंवा कुबट वास आला तर गंजी फोडा, वाळवा, पुन्हा रचा. बुरशी लागलेला चारा "वाळवला की चालतो" असं म्हणतात, ते खरं नाही. बुरशी मरते, तिचं विष राहतं. गाभण जनावराला तर तो चुकूनही घालू नका.

गंजीची जागा उंच हवी. खाली दगड आणि त्यावर पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळल्या काड्यांचा) फूटभर थर द्या, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही. माथा निमुळता करा. वरून प्लास्टिक टाकायचं असेल तर बाजू मोकळ्या ठेवा, चारी बाजूंनी आवळलं की आत घाम सुटतो.

आणि आग. मार्च ते मे या काळात विदर्भात गंज्या आणि गोठे जळाल्याच्या बातम्या सतत येतात. वाऱ्यानं विजेच्या तारा एकमेकींना घासतात, ठिणगी पडते, आणि घरचा वर्षाचा चारा बघता बघता जातो. कधी शेजारच्या वावरात धुरा (बांध) पेटवलेला असतो, तोच पसरत येतो. गंजी तारेखाली कधीच रचू नका. सगळा चारा एकाच गंजीत ठेवू नका, निदान दोन करा आणि त्यांच्यात ४०-५० फुटांचं अंतर ठेवा. गंजीभोवती चार-पाच फूट जमीन वखरून काळी करा, गवताची काडी राहू देऊ नका. गोठ्याला लागून गंजी म्हणजे ढोरांचाही जीव धोक्यात, कारण आगीत दावं सोडायला वेळ मिळत नाही. बांधावर दोन ड्रम पाणी भरलेलं असू द्या.

कडबा गेला, त्याची जागा कशानं भरायची

विदर्भातली टंचाई मुळात ज्वारी गेल्यापासूनची आहे. नव्वदच्या दशकापासून सोयाबीन वाढत गेलं आणि संकरित ज्वारीचं क्षेत्र आटत गेलं. दाण्याच्या भावात सोयाबीन जिंकलं, पण चांगल्या जमिनीत एकरी ३०-४० क्विंटल कडबा देणारं पीक घरातून गेलं. दोन एकर ज्वारी म्हणजे वर सांगितलेल्या घराचा सगळा उन्हाळा.

"ज्वारी पेरायची कशी, रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर काही ठेवतात का?" हा प्रश्न खरा आहे. एकट्यानं अर्धा एकर ज्वारी पेरली तर गावभरची पाखरं आणि रानातली डुकरं त्याच तुकड्यावर उतरतात. चार-पाच शेजाऱ्यांनी लागून लागून पेरली तर राखणही वाटून होते. गावाजवळचं, विहिरीजवळचं रान यासाठी द्या. अलीकडे अकोला-बुलडाणा भागात ओलिताखाली उन्हाळी ज्वारी वाढते आहे, ज्यांच्याकडे पाणी आहे त्यांनी ती जरूर करावी. मे महिन्यात दाणा आणि कडबा दोन्ही हातात येतात. कुंपणाच्या तारेत वीज मात्र कोणीही सोडू नये. त्यात डुकरापेक्षा माणसं आणि आपलीच ढोरं मरतात, आणि तो गुन्हा आहे.

ज्वारी म्हटलं की किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीची विषबाधा, सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. कोवळ्या ज्वारीत, खोडव्याच्या फुटव्यांत आणि पाण्याच्या ताणावर असलेल्या धाटात हायड्रोसायनिक आम्ल जास्त असतं. दावं तोडून वावरात शिरलेली गाय काही मिनिटांत धापा टाकते, थरथरते आणि कोसळते. हिरवी ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावरच कापा, त्याआधी कापावी लागली तर उन्हात चांगली सुकवून घाला. कापणीनंतर पाऊस पडून फुटवे आले तर त्या वावरात ढोरं सोडू नका. लक्षण दिसलं की घरगुती उपायात वेळ न घालवता डॉक्टरांना बोलवा. यावर शिरेतून द्यायचं औषध आहे आणि ते वेळेत मिळालं तर जनावर वाचतं.

हिरव्या चाऱ्याचा तुकडा

विहिरीला मार्चनंतरही थोडं पाणी असेल, तर १० गुंठे नेपियर (हत्ती गवत) हा माझा पहिला सल्ला. फुले जयवंत, फुले गुणवंत, को-४, डीएचएन-६ यांपैकी जे ठोंब जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात किंवा नागपूरच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात मिळतील ते आणा. तीन बाय दोन फुटांवर लावा, पहिली कापणी दोन-सव्वादोन महिन्यांनी, पुढं दर ४०-५० दिवसांनी. जमिनीपासून चार बोटं वर कापा. पाणी आणि शेणखत नीट मिळालं तर १० गुंठ्यांतून सरासरी रोज ४० किलोपर्यंत हिरवा चारा निघतो, म्हणजे दोन दुभत्या जनावरांची सोय. कणसं नसल्यामुळे डुक्कर मक्याइतकं त्यावर तुटून पडत नाही, ही विदर्भात मोठी जमेची बाजू.

नेपियर पुरुषभर वाढू दिलं की धांडे लाकडासारखे होतात आणि लोक म्हणतात, "ढोरं खात नाहीत." ते वेळेवर कापलं नाही, एवढंच. सगळं एकदम कापू नका. तुकड्याचे पाच वाफे पाडा आणि आठ-दहा दिवसांना एक वाफा घ्या. सोबत दोन गुंठे लसूणघास असला तर प्रथिनांची उणीवही भरते. लसूणघास आणि बरसीम ओले, दवाचे, उपाशी पोटी घालू नका, पोट फुगतं. आधी कुटार, मग हा.

पाणी फेब्रुवारीपर्यंतच टिकत असेल तर मुरघास, म्हणजे हवाबंद आंबवून टिकवलेला हिरवा चारा, करा. आफ्रिकन टॉल मका ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरा, कणसातला दाणा चिकातून पिठाकडे जायला लागला की कापा, एक-दोन सेंटिमीटरची कुट्टी करा आणि हवा राहणार नाही अशी दाबून भरा. मूठभर कुट्टी आवळून मूठ उघडली की गोळा हळूहळू सुटला पाहिजे. पाणी गळलं तर एक दिवस सुकवा. ४५ दिवसांनी मुरघास तयार होतो.

मुरघास फसण्याचं आमच्याकडचं मुख्य कारण खड्ड्याचं माप आहे. १० बाय ६ बाय ५ फुटांच्या खड्ड्यात साडेचार टनांच्या आसपास माल बसतो. दोन जनावरांना रोज ३० किलो म्हटलं तर तो पाच महिने पुरतो, हिशेब छान दिसतो. पण रोज जेमतेम दोन सेंटिमीटर थर निघतो आणि उघडा पडलेला बाकीचा भाग ४५ अंशांच्या उन्हात हवेनं नासत जातो. महिन्याभरात वरचा माल काळा, कोमट, उग्र वासाचा झाला की लोक मुरघासाला नावं ठेवतात. दोन-चार जनावरांच्या घरानं खड्डा करूच नये. ५०-५० किलोच्या जाड प्लास्टिकच्या पिशव्या भराव्यात. एक पिशवी उघडली की दीड-दोन दिवसांत संपते, पुढची बंद राहते. पिशव्या सावलीत ठेवा आणि उंदरांकडे लक्ष ठेवा, एक भोक पडलं की ती पिशवी गेली. साडेचार टनांसाठी १२ गुंठे मका पुरेसा होतो.

अझोला (पाण्यावर वाढणारी शेवाळासारखी वनस्पती) आणि ट्रेमधला मातीविना चारा यांच्याबद्दल खूप विचारणा होते. ट्रेमधला एक किलो मका पाच-सहा किलो हिरवा दिसतो, पण वाढलेलं सगळं वजन पाण्याचं असतं, कोरडा अंश उलट थोडा घटतो. अझोला आमच्या मे महिन्यात तग धरत नाही. हौसेनं करा, त्यावर गोठा चालवायचा बेत करू नका.

तणसाच्या पट्ट्यात

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर आणि नागपूरचा धानाचा भाग यांची अडचण वेगळी. तिथं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, मुबलक असते, पण तिच्यात प्रथिनं तीन-चार टक्के, वर सिलिका आणि ऑक्झॅलेट. पोट भरतं, जनावर वाळत जातं. इथं युरिया प्रक्रिया खरोखर उपयोगी आहे. १०० किलो तणसेला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथरानं शिंपडायचा, पायानं दाबायचा आणि प्लास्टिकनं हवाबंद करून २१ दिवस ठेवायचं. प्रथिनांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं आणि तणस मऊ पडते. घालण्याआधी तासभर पसरून अमोनियाचा वास जाऊ द्या. सुरुवातीला थोडी, आठवड्याभरात पूर्ण. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका. युरियाचं पाणी ज्या बादलीत केलं ती तिथंच धुऊन पालथी घाला, कारण जनावर त्या बादलीला तोंड लावून दगावतं. अंदाजानं "थोडा जास्त" युरिया हा प्रकार तर कधीच नको.

पावसात भिजून काळी पडलेली, बुरशीची तणस हिवाळ्यात सलग घातली तर शेपटीचं टोक, कानाची पाळी आणि खुरांजवळची कातडी सडायला लागते. तसं दिसलं की ती तणस त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा.

विकत घ्यायचाच असेल तर

फेब्रुवारीत घ्या, हरभरा-गहू निघताना. त्या वेळी देणारे असतात आणि घेणारे कमी. ट्रॉलीवर किंवा पेंढीवर भाव ठरवू नका. एक पेंढी किलोची असते, दुसरी दोन किलोची, आणि ट्रॉली कशी भरली यावर तीन-चार क्विंटलांचा फरक पडतो. वजनकाट्यावर भरलेली आणि रिकामी ट्रॉली मोजा, काट्याचे पैसे दोघांनी निम्मे द्यावेत.

मुरघास आणि कुटार यांची तुलना सरळ किलोला किलो करू नका. मुरघासात तीन हिश्शांपैकी दोन हिस्से पाणी असतं. समजा मुरघास ७ रुपये किलो आणि कुटार ५ रुपये किलो, तर मुरघासातला एक किलो कोरडा अंश २१ रुपयांना पडतो आणि कुटारातला साडेपाच रुपयांना. मुरघासाची प्रत वरची आहे, म्हणून तो दुभत्या गायीला द्या. भाकड जनावरांचं पोट त्यानं भरणं परवडत नाही.

ढेप वाढवून चाऱ्याची उणीव भरून काढायचा प्रयत्नही करू नका. रवंथाला धागा लागतो. चारा कमी आणि सरकी ढेप जास्त झाली की आधी दूध बिघडतं, मग पचन.

आज गंजी संपली असेल तर

सगळ्यांना थोडं थोडं वाटून सगळीच अर्धपोटी ठेवण्यापेक्षा क्रम लावा: शेवटच्या दोन महिन्यांतली गाभण जनावरं, दुभती, मग मृगाच्या पेरणीला लागणारे बैल. त्यांना चांगला चारा, बाकीच्यांना जाडाभरडा. चारा पहाटे आणि रात्री आठनंतर घाला. दुपारच्या उन्हात टाकलेलं जनावर खात नाही, तुडवतं. पाणी दिवसातून तीन-चार वेळा आणि सावलीतलं द्या, कोरड्या चाऱ्यावर असलेल्या जनावराला ते जास्तच लागतं.

झाडपाला काढा: अंजन, उंबर, पिंपळ, वड, शेवरी, बोर. बाभळीच्या शेंगा गोळा करून भरडून घाला. सुबाभूळ चालतो, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त नको, त्यातल्या मिमोसिनमुळे केस गळतात. फांद्या छाटा, झाड तोडू नका. गव्हांडा कोणाकडे पडून असेल तर आणा, वरच्याच प्रमाणात युरिया प्रक्रिया करून तीन आठवड्यांनी तो वापरता येतो. पंचायत समितीच्या पशुसंवर्धन विभागात वैरण बियाण्याची योजना चालू आहे का ते विचारा. पाणी असेल तर चवळी किंवा मका आज टाकला तरी दोन महिन्यांत कापणीला येतो.

कपाशीच्या वावरात ढोरं सोडताना शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते मालकाला विचारा. गुलाबी बोंडअळीसाठी डिसेंबरअखेर पीक संपवून वावर चरायला मोकळं करा असं कृषी विभागही सांगतो, तेव्हा पुढच्या साली ही चराई वेळेवर आणि ठरवून घ्या. गावच्या ई-क्लास (गुरचरणाच्या सरकारी) जमिनीचा एक तुकडा पावसाळाभर राखून ऑक्टोबरमध्ये गवत कापून वाटायचं, हाही ठराव ग्रामसभेत आधी मांडावा लागतो. ऑगस्टमध्ये कोणी ढोरं आत घातल्यावर मांडून उपयोग नाही.

आणि पहिला पाऊस पडला म्हणून उरलेलं कुटार संपवून टाकू नका. मृगानंतर आठ-दहा दिवसांत धुऱ्यावर जे हिरवं दिसतं ते बहुतेक पाणीच असतं. ढोरं त्यामागं दिवसभर फिरतात, पोट भरत नाही, शेण पातळ होतं, आणि नेमकी तेव्हाच पेरणी आणि डवरणी असते. जुलैच्या मध्यापर्यंत सकाळी सोडण्याआधी प्रत्येकाला दोन-तीन किलो कोरडा चारा खाऊ घाला आणि मगच चरायला सोडा.